जिओकॅशचा डबा दगडासारखा किंवा लाकडासारखा दिसावा म्हणून घरच्या क्राफ्टच्या सामानातून काय करता येईल?

तुम्ही पहिल्यांदाच जिओकॅश, म्हणजे इतरांनी जीपीएसवर जागा बघून शोधून काढायचा डबा, लपवताय, घरात ग्लू गन, ॲक्रिलिक रंग, नकली शेवाळ असं बरंच पडलंय आणि त्यातून आजूबाजूच्या झाडादगडांत मिसळून जाईल असा डबा होईल का असं विचारलंय. होईल की, पण सजावटीपासून सुरुवात करू नका, आधी डबा बघा. हे मी आपटी खाऊन शिकलोय. माझा पहिला कॅश म्हणजे औषधाच्या डबीवर पांढऱ्या गमने कागदाचा लगदा थापून केलेला दगड होता, दिसायला असा झकास की ठेवून दोन पावलं मागे सरकलो तर मलाच सापडेना, आणि पहिल्याच पावसात सगळं विरघळून आतल्या लॉगशीटसकट, म्हणजे शोधणारे नाव लिहून जातात त्या कागदासकट, ओल्या रद्दीचा गोळा झाला. शोधायला आलेल्या बिचाऱ्याने तो चिमटीत धरून फोटो टाकला होता.

म्हणून आत डबा असा हवा की वरचा दगड गळून पडला तरी लॉग कोरडा राहील. छोट्या साइजला प्रीफॉर्म बेस्ट, म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली फुगवण्याआधीची जाड टेस्ट ट्यूबसारखी नळी असते ना ती, झाकण अगदी घट्ट बसतं. फिल्म रोलच्या जुन्या डब्या सगळे वापरतात पण त्यात ओल शिरतेच. काहीही घ्या, आत टिश्यू पेपर कोंबून, वर वजन ठेवून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवा. सकाळी टिश्यू ओला निघाला तर तो डबा बाद.

मग जागेवर जाऊन या आणि फोटो काढा. घरी बसून आपण मनातला दगड रंगवतो, राखाडी आणि गुळगुळीत, आणि तिथले दगड निघतात तांबूस नाहीतर काळपट. दगडच नसतील तिथे दगड ठेवला तर लांबूनच कळतं.

दगडाला मी इपॉक्सी पुट्टी वापरतो, दोन गोळे एकत्र मळायची ती. डब्याला आधी पॉलिश पेपरने चांगले ओरखडे पाडायचे नाहीतर गुळगुळीत प्लॅस्टिकवरून पापुद्रा सुटून येतो, मग पुट्टी थापायची, वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी टाकायची आणि तिथलाच एखादा खरबरीत दगड सगळीकडून दाबायचा, खाचाखळगे आपोआप उमटतात, हाताने कोरलेले कधीच तसे येत नाहीत. नीट वाळली की आधी सगळीकडे काळा रंग. नंतर ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करून करड्या रंगाचे हात नुसते उंचवट्यांवरून फिरवा, खाचांत काळं राहू द्या, जुन्या टूथब्रशने दोन-तीन रंगांचे शिंतोडे मारा, आणि फाटक्या स्पंजच्या तुकड्याने फिकट हिरवट-राखाडी ठिपके द्या, ते दगडफूल. ते सारख्या अंतरावर नकोत, एका बाजूला गर्दी आणि दुसरीकडे एखाददुसरा. शेवटी मॅट वॉर्निश, ग्लॉसी अजिबात नाही, रंग थोडा चुकला तर खपतो पण चमकणारा दगड कुणाच्याही डोळ्यात भरतो.

ग्लू गनवर फार विसंबू नका, उन्हात तो गम मऊ पडतो. पॉलिमर क्ले वापरणार असाल तर ती साधारण १३० अंशांना भाजावी लागते आणि बाटलीचं प्लॅस्टिक त्याच्या बरंच आधी वाकडं होतं, तेव्हा कवच वेगळं भाजा आणि मग चिकटवा. खरं शेवाळ उपटून लावू नका, चार दिवसांत तपकिरी पडतं आणि जिथून उपटलं तिथे टक्कल दिसतं ते वेगळंच.

लाकडाचं काम मात्र सोपं. खाली पडलेली वाळकी फांदी घ्या, ड्रिलने नळीपेक्षा किंचित मोठं भोक पाडून प्रीफॉर्म आत सरकवा आणि त्याच फांदीची चकती झाकणावर चिकटवा, झालं. फांदी आधी उन्हात महिनाभर वाळू द्या, किडे असतात. पाइनचं बोंड वापरायचं असेल तर ते ओलं झालं की मिटतं आणि वाळलं की उघडतं, म्हणून सगळीकडून चिकटवलं तर स्वतःच सांधा उखडतं, फक्त बुडाशी चिकटवा.

नियम थोडक्यात: जागामालकाची परवानगी, खणायचं नाही, झाडाला खिळा नाही, दुसऱ्या कॅशच्या डब्यापासून निदान १६१ मीटर लांब, आत खायचं किंवा वासाचं काही नाही. गंमत बघा, ३ मे २००० ला अमेरिकेत ओरेगनमध्ये ठेवलेला पहिला कॅश म्हणजे अर्धी जमिनीत पुरलेली बादली होती आणि तिच्यात बीन्सचा डबा पण होता, म्हणजे आजच्या हिशेबाने दोनदा नापास! आणि डब्यावर कुठेतरी ‘जिओकॅश’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर कुणाला चुकून सापडला तर उगाच बॉम्ब समजून पळापळ व्हायची.

अजून एक, दगड खालूनही रंगवा. लोक शोधून झाल्यावर तो हमखास उलटा ठेवून जातात.