रेडिओ दुर्बिणीला वातावरणातली खळबळ कशी कळते?

तुमचा प्रश्न असा : रेडिओ दुर्बिणी दूरच्या आकाशगंगांसाठी बांधतात, मग त्यांनी पृथ्वीच्याच वरच्या वातावरणाचा अभ्यास कसा होतो, आणि जीपीएस असताना त्याची गरज काय?

कमी वारंवारतेच्या निरीक्षणांचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापातल्या चुका शोधून दुरुस्त करणं, हे माझं काम, म्हणून तिथूनच सांगते. आकाशगंगेकडून निघालेली रेडिओ लहर शेवटी आयनांबर या वरच्या वातावरणातल्या थरातून खाली येते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तिथले इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटलेले असतात. त्यांची सर्वांत जास्त दाटी साधारण २५० ते ४०० किमी उंचीवर. या इलेक्ट्रॉनांमुळे लहरीची फेज (म्हणजे ती चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) सरकते, आणि वारंवारता जितकी कमी तितकी जास्त सरकते. काही किलोमीटर अंतरावरच्या दोन अँटेनांच्या वरची दाटी सारखी नसली, तर दोन्हींच्या फेजमध्ये फरक पडतो आणि चित्रातला स्रोत जागचा हलतो. खगोलशास्त्रज्ञाला स्वच्छ चित्र हवं असतं, म्हणून तो हा फरक काढून वजा करतो. आयनांबराचा अभ्यास करणाऱ्याला नेमका तोच आकडा हवा असतो! तो जपून न ठेवता टाकून दिला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

हे मोजमाप किती बारीक असतं ते पाहा. एका चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात १० चा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक टीईसीयू. दिवसा डोक्यावर असे काही दहा टीईसीयू सहज असतात. १५० मेगाहर्ट्झला ०.००१ टीईसीयूच्या फरकाने फेज सुमारे ३ अंशांनी सरकते, आणि चांगल्या प्रखर स्रोतावर एवढा फरक पकडता येतो. म्हणजे एकूण दाटीच्या दहा हजारातला एक भाग, किंवा त्याहूनही कमी.

यातलं मला सर्वांत आवडणारं काम २०१५ साली प्रसिद्ध झालं. सिडनी विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेणाऱ्या क्लिओ लोई हिने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरेचा डेटा घेतला. ही दुर्बीण एकाच वेळी आकाशाचा मोठा तुकडा पाहते, त्यामुळे शेकडो स्रोत एकत्र कसे हलतात ते दिसतं. ते सुटेसुटे नव्हे, पट्ट्यापट्ट्यांनी हलत होते, आणि पट्टे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने होते. मग तिने अँटेनांचे पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा असे दोन गट केले आणि आपण दोन डोळ्यांनी अंतर जोखतो तशी पट्ट्यांची उंची काढली : सुमारे ५७० किमी. चुंबकीय रेषांना धरून पसरलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या वायूच्या, नळ्याच होत्या त्या.

तसा हा धागा जुनाच. १९४६ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका रेडिओ स्रोताची तीव्रता कमी-जास्त होताना आढळली. आधी वाटलं, स्रोतच बदलतोय. पण १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये दूरदूरच्या दोन ठिकाणांहून एकाच वेळी नोंदी घेतल्या, तर चढउतार जुळेनात. खळबळ आपल्याच डोक्यावर होती.

आता जीपीएसचं. त्याच्या उपग्रहांच्या लहरीही आयनांबरातूनच खाली येतात. त्याचे रिसीव्हर जगभर पसरलेले आहेत आणि एकूण दाटी त्यातूनच कळते. दुर्बिणीला मुख्यतः दोन अँटेनांमधला फरक कळतो, तोही ती जिथे रोखलेली आहे तेवढ्याच दिशेने. पण एका रिसीव्हरला एका वेळी मोजकेच उपग्रह दिसतात, आणि त्यांच्या लहरींची वारंवारता दीड गिगाहर्ट्झच्या आसपास असल्याने फेजवरचा परिणामही १५० मेगाहर्ट्झच्या मानाने दहापट कमी. आयनांबरातल्या शेकडो किलोमीटर लांबीच्या लाटा जीपीएसच्या जाळ्यात छान सापडतात; काही किलोमीटरच्या बारीक सुरकुत्यांसाठी मात्र दुर्बीणच लागते. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथे मोलाची आहे, कारण ती चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहे आणि त्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात. एकाच वेळचा जीपीएसचा आणि दुर्बिणीचा डेटा मिळाला, तर दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावा.