आधी साठू द्या, फिरवायचं नंतर पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काही महिने व्हिडिओ पाहून तुम्ही चीनमधल्या ताओ परंपरेतली ‘सूक्ष्म परिक्रमा’ करताय. श्वास घेताना ऊर्जा पाठीच्या कण्यातून डोक्याकडे न्यायची, सोडताना छातीपोटावरून खाली आणायची. तळहात गरम होतात, बोटांना मुंग्या येतात, कपाळात दाब जाणवतो. पण दिवसभराचा थकवा तसाच आहे आणि झोपही कमी झालीय. सकाळी कपालभाती आणि भस्त्रिका चालूच आहे. आता ऊर्जा आणखी वाढवायची तर परिक्रमेच्या फेऱ्या वाढवाव्यात का, असं तुम्ही विचारताय.

नका वाढवू. माझं ऐकाल तर परिक्रमा आजपासून पूर्ण थांबवा. ती साधना खोटी आहे असं मी म्हणत नाही. तिची जागा पुढे आहे, आणि तुम्ही तिथूनच सुरुवात केलीत. भांडवलच नसेल तर फिरवणार काय?

ताओ परंपरेतल्या ‘नेइदान’ साधनेत, म्हणजे शरीराच्या आत चालणाऱ्या किमयेत, टप्पे ठरलेले आहेत. ‘जिंग’ हे शरीराचं मूळ सत्त्व, त्यापासून ‘ची’ ही ऊर्जा, त्यापासून ‘शेन’ म्हणजे चैतन्य, आणि शेवटी तेही शून्यात विरतं. तुम्ही करताय ती परिक्रमा यातल्या पहिल्या रूपांतराचा भाग आहे. आणि त्या पहिल्या टप्प्याच्याही आधी एक पायरी आहे, ‘झू जी’, म्हणजे पायाभरणी. जुन्या लोकांनी तिला ‘शंभर दिवसांची पायाभरणी’ म्हटलं, पण ते निरोगी, नीट झोपणाऱ्या माणसासाठी. ऑफिस, लोकल आणि रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल असं आयुष्य असेल तर शंभर दिवसांत उरकेल अशी अपेक्षा धरू नका. आधी शरीराची झीज भरून काढायची, मग बेंबीखालच्या ‘दानत्येन’ या ऊर्जास्थानात काही साठू द्यायचं, आणि ते साठलं की मार्ग उघडतात. त्या वेळी परिक्रमा ओढून करावी लागत नाही.

बीजिंगच्या पांढऱ्या ढगांच्या मठात, बाइयुन ग्वान इथे, 1886 सालची एक कोरीव शिळा आहे. तिच्यावरचं चित्र ‘नेइजिंग तू’ नावाने ओळखलं जातं. त्याचा ठसा कुठे मिळाला तर निवांत बघा. बसलेल्या माणसाचं शरीर बाजूने दाखवलंय, पण आत अवयवांऐवजी डोंगर, नद्या, शेत आणि माणसं आहेत. कण्यावर तीन दरवाजे आहेत, तळाशी दोन मुलं पायाने रहाट चालवून पाणी वर चढवताहेत. व्हिडिओ बनवणारे नेमका हा रहाटच दाखवतात. त्याच चित्रात, पोटाच्या भागात, एक जण बैल जुंपून जमीन नांगरतोय, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मला तो नांगरणारा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला सध्या त्याचंच काम करायचं आहे.

मेन्शियस हा प्राचीन चीनमधला कन्फ्यूशियसपंथी विचारवंत, काही ताओपंथी नव्हता, पण ‘ची’ जोपासण्याबद्दल त्याने जे सांगितलं ते पुढे नेइदानच्या साधकांनीही उचललं. सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला रोपं लवकर वाढत नाहीत म्हणून काळजी लागली. त्याने एकेक रोप हाताने थोडं थोडं वर ओढलं आणि घरी येऊन सांगितलं, आज रोपांना वाढायला मदत करून आलो. मुलगा धावत शेतात गेला तर सगळी रोपं सुकलेली. मेन्शियसचं सांगणं होतं की विसरू नका आणि ओढूही नका. श्वासाच्या जोराने ऊर्जा कपाळात चढवणं हे रोप ओढण्यासारखंच आहे.

मग करायचं काय? उभं राहायचं. या साधनेला ‘झान झ्वांग’ म्हणतात, खांबासारखं स्थिर उभं राहणं. काटेकोर बोलायचं तर तिचा आजचा प्रसार मठांतून कमी आणि युद्धकलेतून जास्त झाला. वांग श्यांगझाय (1885 ते 1963) यांनी ठरावीक पवित्र्यांच्या मालिका बाजूला ठेवून उभं राहणं हाच आपल्या ‘यीच्वान’ या युद्धकलेचा गाभा केला. त्यांचे शिष्य यू योंगन्येन हे दंतवैद्य होते, त्यांनी ही साधना रुग्णांसाठी वापरात आणली. पायाभरणीला इतकी थेट आणि इतकी कमी धोक्याची दुसरी साधना मला माहीत नाही.

मी ती सिंगापूरला नोकरीत असताना बिशानच्या बागेत शिकलो. शिकवणारे वयस्कर चिनी गृहस्थ होते, सगळे त्यांना लाओशी, म्हणजे गुरुजी, म्हणायचे. ते फार बोलायचे नाहीत. मागून येऊन दोन बोटं कमरेच्या खोलगट भागावर ठेवायचे आणि थांबायचे. त्या बोटांकडे लक्ष गेलं की कळायचं, कंबर पुढे ढकलून आपण किती ताठ उभे होतो. सोडायचा प्रयत्न केला की ते मान हलवायचे, कारण प्रयत्नातही ताणच असतो. मग एखादा उच्छ्वास असा यायचा की कंबर आपोआप भरून बोटांना टेकायची, आणि ते पुढच्या माणसाकडे जायचे.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच आहे. दोन पावलांत खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर, पावलं समांतर. गुडघ्यांचं कुलूप फक्त काढायचं, खाली बसायचं नाही. माकडहाड जमिनीकडे लोंबतंय असं सोडून द्यायचं, मुद्दाम आत ओढायचं नाही. हनुवटी किंचित आत, जीभ अलगद टाळूला, डोळे अर्धे मिटलेले. सुरुवातीला हात बेंबीखाली पोटासमोर धरा, तळवे पोटाकडे, काखेत थोडी मोकळी जागा. छातीसमोर झाड कवटाळल्यासारखे हात धरायची घाई करू नका, त्याने खांदे चढतात आणि तुमच्याकडे आधीच सगळं वरच्या भागात अडकलंय.

तीनचार मिनिटांत खांदे वर येतील, श्वास छातीत अडकेल, मांड्या थरथरतील. मांड्यांची थरथर म्हणजे स्नायू थकलेत, कुंडलिनी जागी झालेली नाही. गुडघा दुखला तर आणखी सरळ उभे राहा. खांदे चढलेले जाणवले की खाली दाबू नका, एका उच्छ्वासाबरोबर कोपरं जड होऊ द्या. श्वासाला हात लावायचा नाही. मोजायचा नाही, रोखायचा नाही, लांबवायचा नाही. पोट आपोआप हलायला लागेल, काहींना त्यासाठी महिना लागतो. लक्ष पोटात ठेवायचं पण रोखून नाही, पाळण्यातल्या बाळाकडे असतं तेवढंच. ‘ताओ ते चिंग’ या ताओ परंपरेच्या मूळ ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात विचारलंय की ‘ची’ एकवटून बाळाइतकं मऊ होता येईल का. झ्वांगझी हा जुना ताओ विचारवंत म्हणतो की सामान्य माणूस घशाने श्वास घेतो आणि खरा माणूस टाचेने. त्या टाचेच्या श्वासाचा अर्थ उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

पाच मिनिटांनी सुरुवात करा, सोपं वाटलं तर दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवा, वीस मिनिटांच्या आसपास थांबा. रविवारी तासभर आणि बाकी दिवस सुट्टी, असं करण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी बरी. संपवताना दोन्ही तळवे बेंबीखाली एकावर एक ठेवून दोनतीन मिनिटं तसेच उभे राहा. याला ‘शोउ गोंग’ म्हणतात, साधना आवरणं, आणि व्हिडिओवाले हेच कापतात. लगेच मोबाइल उचलायचा नाही. पंख्याचा झोत थेट अंगावर घ्यायचा नाही, घाम असताना गार पाण्याने अंघोळ नाही, भरल्या पोटी नाही. उभं राहण्याआधी ‘बा द्वान जिन’ या हलक्या चिनी व्यायामाचे आठ प्रकार केलेत तर अंग मोकळं होतं. ते सावकाश आणि ताण न देता करा.

आता थकव्याबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. 1950 च्या दशकात ल्यू ग्वेझेन यांनी हपै प्रांतात चीगोंगचा, म्हणजे श्वास, लक्ष आणि हालचालींतून ‘ची’ जोपासण्याच्या साधनांचा, उपचार म्हणून पद्धतशीर वापर सुरू केला आणि बेइदाइहेचं आरोग्यधाम त्याचं मोठं केंद्र झालं. त्यांची ‘नेइयांग गोंग’ पद्धत मुख्यतः झोपून आणि बसून करायची. ती करणारे रुग्ण आरोग्यधामात राहायचे, विश्रांती, खाणं, देखरेख सगळं ठरलेलं. तंत्राचं कौतुक करताना ही बाजू विसरून चालत नाही. थांग काळातले वैद्य सुन स्मियाओ यांनीही सांगितलंय की थोडे श्रम नेहमी करावेत, पण दमून गळून जाऊ नये. साधनेतही हाच नियम लावा. उभं राहून झाल्यावर तुम्ही ताजे असाल तर वेळ योग्य होता, आडवं व्हावंसं वाटलं तर जास्त झाला.

‘त्सानथोंग ची’ या जुन्या ग्रंथात कान, डोळे आणि तोंड यांना तीन खजिने म्हटलंय, आणि ते बंद ठेवायला, बाहेर सांडू न द्यायला सांगितलंय. सकाळी वीस मिनिटांत साठवलेलं रात्री दोन तास रील्स बघून घालवायचं, आणि मग ऊर्जा का साठत नाही म्हणून विचारायचं, हे थांबायला हवं. साडेदहाला झोपा. जिंग जपण्याच्या नावाखाली ब्रह्मचर्याचा धसका घेऊ नका, संयम पुरे. भीतीने आवळून धरलेलं शरीर काहीच साठवत नाही.

तळहातांची ऊब आणि मुंग्यांना फार किंमत देऊ नका. अंग सैल झालं की हातांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब येते, चांगलंच आहे. मुंग्यांचं मात्र दुसरंही कारण असू शकतं. भस्त्रिकेसारख्या जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. खरी वाढ अशी दिसते: झोप गाढ लागते, भूक वेळेवर लागते, थंडीत पाय गरम राहतात, दुपारी चार वाजता आवाज बसत नाही, आणि लवकर चिडत नाही. परंपरेची कसोटी ‘वर रिकामं, खाली भरलेलं’ अशी आहे. डोकं थंड आणि हलकं, पोट आणि पाय उबदार. तुमच्या बाबतीत नेमकं उलट चाललंय.

म्हणून कपाळातला दाब आहे तोवर कपालभाती आणि भस्त्रिका दोन्ही बंद ठेवा. प्राणायामाशी माझं वैर नाही, ती परंपरा आपल्या घरातली आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनी वाचून दानत्येन म्हणजे मणिपूर चक्रच, असं बऱ्याच जणांना वाटतं. साम्य आहे, पण वाट वेगळी आहे. ताओ साधनेत वर चढलेलं परत पोटात आणून ठेवायचं असतं. दोन्हींचे नकाशे एकत्र केले की माणूस निम्मा रस्ता एकाचा आणि निम्मा दुसऱ्याचा चालतो, आणि बहुतेक वेळा डोक्यातच अडकतो. पुढे प्राणायाम परत सुरू करायचा असेल तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

दाब आला की लक्ष तळपायांवर न्या, पंजाच्या मागच्या खळग्यात, जिथे ‘योंगच्वान’ बिंदू आहे. चाला, अनवाणी मिळालं तर उत्तम. घरातलं अंगमेहनतीचं काम करा, पोटभर साधं जेवा. ध्यान करून दाब खाली उतरवायला जाऊ नका, त्याने लक्ष पुन्हा तिथेच जातं. दोनतीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा डोकेदुखी वाढली, तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्तदाब तपासा. श्वास रोखून जोर लावल्याने तो वाढतो. आवाज ऐकू येणं, झोप पार उडणं, आपल्याला काही विशेष शक्ती मिळालीय अशी खात्री वाटणं, यातलं काहीही सुरू झालं तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. चीनमध्ये 1980 च्या दशकात चीगोंगची लाट आली तेव्हा अशा लोकांवर उपचार करायची वेळ आली होती, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1994 च्या निदानपुस्तिकेत चीगोंगमुळे उद्भवणाऱ्या मनोविकाराची स्वतंत्र नोंद आहे. जुने चिनी लोक याला ‘आग भरकटणं’ म्हणत. घरात कोणाला गंभीर मनोविकार असेल तर परिक्रमा पुढेही एकट्याने करू नका.

शिक्षक शोधताना एवढं बघा: पहिल्याच दिवशी परिक्रमा शिकवणारा, दुरून ऊर्जा सोडतो म्हणणारा, औषधं बंद करायला सांगणारा, या तिघांपासून लांब राहा. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा, अनुभव विचारण्याऐवजी झोप कशी लागते ते विचारा, आणि ते उभे असताना त्यांचे खांदे पाहा. तोवर तीन महिने फक्त उभे राहा. मग इथे येऊन लिहा, झोप किती झाली आणि पाय गरम राहतात का. त्यावरून पुढचं ठरवू.