खुल्या परवान्यात दिलं की हक्क गेला?

गेल्या पावसाळ्यात एक तरुण फोटोग्राफर माझ्याकडे आला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तक्रार होती झोपेची. लग्नसराईवर घर चालायचं. एरवी नाशिकचं रामकुंड, सरकारवाडा, आणि रहाडी, म्हणजे वर्षभर बुजवलेले, रंगपंचमीला उघडणारे रंगाचे जुने हौद, टिपत हिंडायचा.

मित्र म्हणत होते, फोटो खुले कर, कुणालाही वापरू दे. वडील म्हणत होते, दुकानातला माल कुणी रस्त्यावर मांडतं का?

"ताई, खुलं केलं तर माझं काय उरलं? आणि नाही केलं तर मला ओळखणार कोण?"

गाणारे, लिहिणारेही मला हेच विचारतात. भारतात 1957 च्या कायद्यानुसार कॉपीराइट कलाकृती घडताच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ज्यांना खुले म्हणतात ते, परवाने त्याच हक्कावर उभे असतात. मालकी तुमचीच राहते, फक्त वापराची परवानगी आधीच दिलेली असते. मात्र दिलेला परवाना मागे घेता येत नाही. शिवाय विकिमीडिया कॉमन्सला, म्हणजे विकिपीडिया जिथून फोटो घेतो त्या खुल्या संग्रहाला, फोटो द्यायचा, तर व्यावसायिक वापरालाही मोकळीक द्यावी लागते. हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. मी घाई केली नाही.

मग वही काढून गेल्या वर्षाची कमाई लिहिली. जवळजवळ सगळी लग्नांची. आणि पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम 17 प्रमाणे गिऱ्हाईकच! त्याच्याकडे एकही करार नव्हता. एका प्रकाशकाला तर त्याने 'सर्व हक्क' लिहून दिले होते, मुदत न घालता. अशा वेळी कायदा 5 वर्षं धरतो, हे कळल्यावर तो कितीतरी वेळ गप्प बसला. मला वाटतं, त्याची झोप तिथेच अडकली होती. खुल्या परवान्याची भीती हे नुसतं निमित्त.

शेवटी एकेक फोटो समोर ठेवून मी विचारत गेले, "उद्या हा कुणी छापून विकला, तर तुझा जीव तुटेल?" घाटांचे बारा फोटो त्याने आनंदाने खुले केले, श्रेय देण्याच्या अटीवर. सात वर्षं जमवलेल्या रहाडींच्या फोटोंना हात लावू दिला नाही. मलाही ते पटलं.

त्या बारा फोटोंतून अजून काम मिळालेलं नाही. झोप बरीच सुधारली आहे. परवा नव्या करारात मुदत लिहून घेतली, तो कागद दाखवायला मुद्दाम आला होता.