बाई दिसल्या की मी रस्ता बदलते

«ताई, आमच्या इंग्रजीच्या बाई येत्या ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकले आणि २००४ साली दहावी झाले. पूर्वपरीक्षेत मला इंग्रजीत २८ गुण मिळाले होते. बाईंनी दोन महिने शाळा भरण्याआधी बोलावून शिकवले आणि बोर्डात ६१ मिळाले. ‘तू इंग्रजीची शिक्षिका होशील,’ असे त्या भर वर्गात म्हणाल्या होत्या. बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण थांबले. आज मी ३८ वर्षांची आहे, गावातल्याच औषधाच्या दुकानात कामाला आहे. बाजारात बाई दिसल्या की मी रस्ता बदलते. आता आमच्या बॅचने ३१ तारखेला मंगल कार्यालयात निरोप समारंभ ठरवला आहे. प्रत्येकी २,००० रुपये काढून सोन्याची साखळी द्यायची आणि भाषणे इंग्रजीतूनच करायची, असे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठरले आहे. माझा मुलगा त्याच शाळेत आठवीत आहे, पण आताच्या मुलांना कोणी बोलावलेले नाही. मी काय तोंड घेऊन जाऊ? की जाऊच नये?»

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही जावे, असे मला मनापासून वाटते, आणि ३१ मेची वाट न पाहता त्याआधीच एकदा जावे.

बाईंचे ते एक वाक्य तुम्ही बावीस वर्षे कर्जासारखे डोक्यावर वागवत आला आहात, म्हणून आधी त्याविषयी बोलते. पूर्वपरीक्षेत २८ गुण पडलेल्या मुलीला भर वर्गात असे म्हणणारी शिक्षिका तिचे पुढचे आयुष्य ठरवायला बसलेली नसते. दोन महिन्यांवर आलेल्या पेपरासाठी ती तिला धीर देत असते. तो पेपर तुम्ही दिलात आणि चांगला दिलात, म्हणजे त्या वाक्याचे काम २००४ सालीच पुरे झाले. आणखी एक हिशेब करून पाहा. बाई आता ५८ वर्षांच्या होत आहेत, म्हणजे तुम्हाला सकाळी लवकर बोलावून शिकवणाऱ्या त्या बाई तुमच्या आजच्या वयापेक्षा दोन वर्षांनी लहान होत्या. घरचा स्वयंपाक, मुलांचे डबे, शाळेची वेळ हे सगळे तेव्हा त्यांच्याही मागे असणार. बारावीनंतर मुलीचे शिक्षण कसे थांबते, हे अशा बाईला तुम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. इतकी वर्षे शाळेत काढलेल्या शिक्षिकेने अशा किती मुली पाहिल्या असतील!

तुमच्या पत्राच्या शेवटी, सहीच्याही खाली, तुम्ही एक आठवण ओझरती लिहिली आहे. ती मला साऱ्या पत्रात मोलाची वाटली, म्हणून इथे सविस्तर सांगते. बाईंनी एकदा पर्समधून छोटा गोल आरसा काढला आणि तो बाकांवरून फिरवला. आरशात पाहत प्रत्येकाने ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ हे दोन शब्द म्हणायचे होते. पहिल्या शब्दाला वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, दुसऱ्याला दात दिसता कामा नयेत, ओठ गोल झाले पाहिजेत. ‘एक द्राक्षाचा वेल आणि दुसरी त्याच द्राक्षाची दारू, दातांकडे लक्ष नाही दिले तर मळ्याचा गुत्ता होतो,’ असे बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. तुमच्या हाती आरसा आला तेव्हा त्याच्या काचेवर खडूचे बोट उमटलेले होते, हेही तुम्ही लिहिले आहे.

मराठीत आपण एकाच ‘व’वर सगळे भागवतो, त्यामुळे हा फरक मराठी मुलांच्या कानाला सहज कळत नाही. त्यातून तुमची बॅच १९९८ साली पाचवीत गेलेली, आणि मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. म्हणजे तुमची एबीसीडीच पाचवीत सुरू झाली आणि सहा वर्षांत तुम्ही बोर्डाच्या पेपराला बसलात. अशा मुलांना ओठ आणि दात दाखवून भाषा शिकवणारी शिक्षिका तुम्हाला मिळाली. आरशाच्या त्या आठवणीतच पुढे तुम्ही लिहिता की, दुकानात ‘व्हिटॅमिन’ म्हणताना अजूनही दात ओठाला टेकतात आणि आरसा आठवतो. इंग्रजीतली चिठ्ठी आणि गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरे तुम्ही दिवसभर वाचता. ‘ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री झोपताना, आणि ही बाटली उघडल्यावर महिन्याभरात संपवायची,’ असे समोरच्या म्हाताऱ्या बाईला तिच्या भाषेत सांगता. तुम्हाला हे काम सांगण्यासारखे वाटत नाही. बाईंना मात्र ते ऐकायला आवडेल, अशी माझी खात्री आहे, कारण शिकवलेले कुठे गेले, हे शिक्षकाला फार क्वचित कळते.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. माझी आई शाळेत भूगोल शिकवीत असे. तिच्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे तिचीही जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी लावलेली होती, त्यामुळे वयाची ५८ वर्षे पुरी होऊन ती ३१ मे रोजी निवृत्त झाली. मे महिन्याची सुट्टी चालू होती, वर्गांना कुलपे होती, बाके एकावर एक रचून ठेवली होती. कार्यालयात शाल-श्रीफळ मिळाले, पेन्शनच्या कागदांवर सह्या झाल्या आणि दुपारी ती घरी येऊन स्वयंपाकघरातल्या पाटावर बराच वेळ नुसती बसून राहिली. तिला समारंभ हवा होता असे नाही. एकही मूल दिसले नाही, एवढेच ती म्हणाली. पुढे एका जुन्या विद्यार्थ्याचे पोस्टकार्ड आले. तो एस.टी.त चालक झाला होता, आणि घाट उतरताना बाईंनी फळ्यावर काढलेल्या सह्याद्रीच्या उतारांची आठवण येते, एवढेच त्याने लिहिले होते. निरोपाला मिळालेली चांदीची समई कपाटात गेली. ते कार्ड शेवटपर्यंत तिच्या पोथीत होते.

म्हणून समारंभाच्या तारखेविषयी मी तुमच्या बॅचशी असहमत आहे. ३१ मे ही कागदावरची तारीख आहे. बाईंचा मुलांमधला शेवटचा दिवस त्याआधीच होऊन जातो. अनेक शाळांत १ मे रोजी सकाळी झेंडावंदन होते आणि त्यानंतर वार्षिक निकाल वाटतात. तुमच्या शाळेतही तसे असेल, तर मुख्याध्यापकांना आताच भेटा, निकालानंतरचा एक तास मागून घ्या आणि निरोप शाळेतच, बाईंच्या वर्गात द्या. लग्नसराईत कार्यालयाचे भाडे भरण्यापेक्षा ते बरे, आणि तुमचा मुलगा व त्याचा वर्ग तेव्हा तिथे असेल. आताच्या मुलांना वगळून जुन्या मुलांनी निरोप द्यावा, हे मला अजिबात पटत नाही. बाई सोडून जाणार आहेत त्या या मुलांना. तुम्ही सगळे तर केव्हाच शाळा सोडून गेलेले आहात.

भाषणे इंग्रजीतूनच करावीत, हा हट्ट मात्र प्रेमापोटी असला तरी चुकीचा आहे. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला काढली ती मराठीतच, आणि १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांत तेच होते. दोन्हीत त्यांना काही विसंगत वाटले नाही. ज्याला इंग्रजीत बोलता येते त्याने खुशाल बोलावे. तुम्ही मराठीत बोला, आरशाची गोष्ट सांगा, दुकानातले ‘व्हिटॅमिन’ सांगा आणि खाली बसा. दोन मिनिटे पुरतील. बाईंचे उपकार, ज्ञानाचा दीप, आदर्श गुरू हे शब्द त्या दिवशी इतर भाषणांत भरपूर येतील. तुम्ही त्यांना हात लावू नका. इंग्रजीत काही द्यावेसे वाटलेच, तर चाररेघी वहीत एक पान लिहा, चुका होतील त्या होऊ द्या, आणि बॅचमधल्या ज्याला जमेल त्यालाही त्याच वहीत पान लिहायला सांगा. वहीबरोबर लाल पेन द्या आणि बाईंना ती तपासायला सांगा. बॅचमधले जे परदेशात आहेत त्यांनाही व्हिडिओऐवजी हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो पाठवता येईल. कोणीतरी तो छापून वहीत चिकटवावा.

वर्गणीचे म्हणाल, तर माणशी २,००० ठरवल्यावर दोघे जण ग्रुप सोडून गेले, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना परत आणल्याशिवाय साखळीचे नावही काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जमेल ती रक्कम एकाच विश्वासू व्यक्तीकडे द्यावी, कोणी किती दिले हे तिने कोणालाही सांगू नये, आणि जेवढे जमेल तेवढ्यात वस्तू घ्यावी. त्या दोघांना ग्रुपवर लिहू नका. फोन करा.

आता तुमचे स्वतःचे. समारंभात बाईंभोवती गर्दी असेल, आणि जिच्यापासून इतकी वर्षे तोंड चुकवले तिला गर्दीत प्रथम सामोरे जाणे तुम्हाला जड जाईल. त्यामुळे या आठवड्यातच एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मुलाला घेऊन त्यांच्या घरी जा. ‘बाई, मी बाजारात तुम्हाला पाहून रस्ता बदलत होते,’ एवढे पहिले वाक्य बोला. कारण सांगावेसे वाटले तर सांगा, नाही वाटले तर राहू द्या. त्या रागावल्या, तर ऐकून घ्या. तेवढा त्यांचा हक्क आहे. बहुधा त्या मुलाला इंग्रजीत नाव विचारतील आणि तुम्हाला चहा टाकायला सांगतील.

आणि ३१ मे विसरू नका. मस्टरवर शेवटची सही करायला बाई त्या दिवशी शाळेत येतील. मालकांना सांगून दुपारी तासभर सुट्टी घ्या, छत्री बरोबर ठेवा, कारण तेव्हा वळवाचा भरवसा नसतो, आणि फाटकाबाहेर उभ्या राहा. कार्यालयातून त्या किती वाजता बाहेर पडतील ते शिपाईदादांना आधी विचारून ठेवा.

तुमची,
ताई