शेकायची पिशवी घरी शिवताना

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. इथल्या थंडीत त्यांची कंबर धरते. रबरी पिशवीत कढत पाणी ओतताना त्यांचा हात थरथरतो आणि मी दिवसभर शाळेत असते. धान्य भरलेली पिशवी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून शेकता येतं, असं कळलं. धान्य कोणतं घ्यावं, कापड कोणतं, गरम किती वेळ करायची? – एक शिक्षिका, निफाड

उत्तर : त्यांच्या हातात कढत पाणी नको, हे तुमचं अगदी बरोबर आहे. अशी पिशवी तासाभरात शिवून होते.

धान्य म्हणजे साधा, जुना, कोरडा तांदूळ. रेशनचा असला तरी चालेल, फक्त निवडून घ्या. गहूही चालतो, पण तापला की त्याचा भाजका वास येतो आणि तो सगळ्यांना सोसत नाही. जवस अंगाला छान बसतो, मात्र त्यात तेल भरपूर असल्यामुळे काही महिन्यांत खवट होतो. ज्वारी, मका, राजगिरा भरू नका. लाह्या फुटणारं धान्य बंद पिशवीत कशाला? वासासाठी मूठभर ओवा घाला. अत्तर किंवा सुगंधी तेल मात्र थेंबभरही नको, ते पेट घेतं.

कापड शंभर टक्के सुती हवं. मांजरपाट उत्तम. आधी धुऊन आटवून घ्या. दोराही सुतीच वापरा, कारण पॉलिस्टरचा दोरा तापून वितळू शकतो. चेन, हूक, टिचबटण, जरीचा काठ यांतलं काहीही नको. धातूमुळे मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात.

कमरेसाठी ४२ बाय ३२ सेंटिमीटरचा तुकडा लांबीत दुमडा. लांब बाजू आणि एक टोक दुहेरी टीप मारून बंद करा आणि पिशवी सुलट करा. पाऊण किलो तांदळाचे चार सारखे भाग करा. एक भाग आत सोडा, पिशवी उभी धरून झटका, तांदूळ तळाशी बसला की दहा सेंटिमीटरवर आडवी टीप मारा. मग दुसरा भाग, पुन्हा टीप. टीप मारण्याआधी त्या रेषेवरचे दाणे बोटांनी दोन्हीकडे सारा आणि दोन टाचण्या लावा. दाण्यावर आपटली की सुई तुटते. हे कप्पे करायचा कंटाळा करू नका. कप्पे नसतील तर सगळा तांदूळ एका टोकाला गोळा होतो आणि कमरेवर नुसतं कापड राहतं. कप्पा गच्च भरू नका, पिशवी अंगावर वळली पाहिजे. वरून जुन्या सुती साडीची सैल खोळ घाला. धुवायची ती खोळच, आतली पिशवी कधीही भिजवायची नाही.

आता तापवण्याचं. तांदूळ कोरडा दिसला तरी त्यात साधारण १२ ते १४ टक्के पाणी असतं आणि मायक्रोवेव्हमध्ये मुख्यतः तेच तापतं. सुरुवातीला पिशवी दमट लागते ती त्यामुळे. दर वेळी त्यातलं थोडं पाणी उडून जातं. पिशवी निवत पडली की तांदूळ हवेतला ओलावा पुन्हा थोडा ओढून घेतो. गरम पिशवीच परत परत आत ढकलली, तर दाणा पार कोरडा होतो आणि आतल्या आत करपतो. बाहेरून काही दिसत नाही, पण मधे निखारा धरलेला असू शकतो. ब्रिटनमध्ये अशा पिशव्यांमुळे घरांत आगी लागल्या आहेत आणि तिथली अग्निशमन दलं लोकांना त्याबद्दल बजावत असतात.

म्हणून ८०० वॅटच्या मायक्रोवेव्हला एक मिनिट, बाहेर काढून हलवायची, मग आणखी अर्धा मिनिट. त्यापुढे नाही. शेजारी अर्धा कप पाणी ठेवा. काचेची ताटली स्वच्छ हवी आणि पिशवी घडी करून ठेवल्यावर ताटली मोकळी फिरली पाहिजे. पिशवी भिंतीला अडली तर एकाच जागी तापून जळते. ३० सेकंदांचं बटण असेल, तर त्यावर एक टिकली चिकटवा. सासूबाईंनी टिकली दोनदा दाबायची, पिशवी हलवायची, मग एकदा दाबायची. दोन-तीन दिवस तुमच्यासमोर करू द्या.

पिशवी कमरेवर ठेवायची, तिच्यावर झोपायचं नाही. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. ऊब साधारण २० मिनिटं टिकते आणि तेवढा शेक पुरे. त्यांना मधुमेह असेल, कातडीला बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक देऊच नका. भाजलेलं त्यांना कळणार नाही. वापरून झाली की ओट्यावर उघडी निवू द्या. रजईखाली, गादीवर ठेवायची नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तापवायची नाही.

प्रश्न : माझी गव्हाची पिशवी दोन वर्षं जुनी आहे. हल्ली जळका वास येतो. थोडं पाणी शिंपडून वापरली तर चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. जळका वास आला म्हणजे दाणा करपलेला आहे. उसवून गहू टाकून द्या, कापडावर तपकिरी डाग असेल तर तेही टाका. पाणी शिंपडल्याने करपलेला दाणा सुधारत नाही, उलट बुरशी धरते.

प्रश्न : पिशवीत पोरकिडे झाले. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तो तांदूळ काढून टाका. नवा भरण्याआधी डब्यात बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर तांदळाला पाणी सुटेल. तुमच्याकडे पावसाळ्यात पिशवी झाकणाच्या डब्यातच ठेवा.