घड्याळाचं ऐकावं की पायांचं?

प्रश्न : मी फोंड्यात राहते, वय ५४, शाळेत शिकवते. रोज पहाटे फर्मागुडीचा चढ चालते. मुलाने मनगटावर घड्याळ बांधून दिलंय. हृदयाचे ठोके १३०वर गेल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल चालू आहे. एखाद्या दिवशी चढ कधी संपला ते कळत नाही, एखाद्या दिवशी पाय उचलत नाहीत. घरी म्हणतात, आळसाचं सोंग. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, पायांचं ऐका. मेटोप्रोलोल ठोके वाढू देत नाही, ते तिचं कामच आहे. घड्याळाला या गोळीचा पत्ता नाही. त्यामुळे १३०चा आकडा गाठायला तुम्ही चढावर धापा टाकत असाल, तर ते आजपासून बंद. (गोळी बंद करायची नाही! मुद्दाम लिहितो, कारण असले उद्योग करून आलेले लोक मी पाहिलेत.)

आपल्याला किती कष्ट पडताहेत, हे आपणच आकड्यात सांगायची पद्धत स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी १९६०च्या दशकात बसवली. त्यांची पट्टी ६ ते २०ची. ६ म्हणजे नुसतं बसून राहणं, २० म्हणजे आता जीव जातो. निरोगी तरुणाच्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण त्याचे ठोके येतात, म्हणून सुरुवात ६पासून. तुमच्या बाबतीत हा गुणाकार सोडा, आकडा धरा. एरवी १२-१३ पुरे. आकडा सुचत नसेल तर चालता चालता सोबतिणीला काल बाजारात बांगडे काय भावाने मिळाले ते सांगा. अख्खं वाक्य एका दमात निघालं पाहिजे, पण गाणं म्हणणं मात्र जमू नये. दोन-दोन शब्दांवर दम लागला तर वेग उतरवा.

आता आळसाचं. घरातून निघताना आळस आणि थकवा सारखेच दिसतात, तिथे निवाडा करू नका. आधी दहा मिनिटं सपाटीवर रमतगमत चाला. आळस असेल तर तेवढ्यात अंग मोकळं होतं, मग खुशाल चढा. पाय तसेच जड राहिले तर त्या दिवशी चढ नाही. सपाटीवरच ९-१०च्या बेताने वीस मिनिटं फिरून घरी या. तोही व्यायामच. हिशेब आठवड्याचा ठेवायचा असतो, मध्यम चालण्याची १५० मिनिटं भरली की झालं. चवथीच्या दिवसांत ओट्याशी उभं राहून पाय भरून येतात, नाहीतर या वयात रात्री दरदरून घाम फुटून झोपमोड होते. मे महिन्यात तर आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, तोच चढ दोन आकड्यांनी जड लागतो. यातलं सोंग कुठलं?

ताप असेल तर चालणं नकोच. छातीत दाब, घेरी, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असं काही झालं तर तिथल्या तिथे बसा आणि १०८ला फोन लावा.

आणखी एक. याच गोळीने काहींना थकवा येतो. जड पायांचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. मात्रा बदलायची की गोळी, ते ठरवतील.