दोन तिकिटं, एक सुटकेस

प्रश्न : ताई, मी (वय ६८) आणि माझे यजमान (वय ७२) लेकीकडे निघालोय. स्वस्त पडतं म्हणून जावयांनी दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान लंडनच्या हीथ्रोला टर्मिनल ४ वर दुपारी १२.२० ला उतरतं, दुसरं टर्मिनल ५ वरून ३.३० ला सुटतं. जावई म्हणतात, तीन तास दहा मिनिटं म्हणजे चिक्कार वेळ. दोघांची एकेक मोठी सुटकेस आहे. या टर्मिनलवरून त्या टर्मिनलवर जायला किती वेळ लागतो?

उत्तर : जायला फार नाही लागत. पण तिथवर पोहोचायच्या आधीच तुमचा वेळ संपेल अशी मला भीती आहे. हे उत्तर जावयांनाही वाचायला द्या.

चेक-इन काउंटरच्या मागे माझी चोवीस वर्षं गेली, त्यामुळे माणसाआधी मला त्याची बॅग दिसते. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असती, तर बॅगेच्या टॅगवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं छापली असती आणि बॅग आतल्या आत पुढे गेली असती. तुमच्या टॅगवर ‘एलएचआर’ एवढंच येईल, म्हणजे हीथ्रो. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही विमानानं आलेलाच नाहीत, शहरातून टॅक्सीनं आलेले प्रवासी आहात. काही कंपन्यांचे आपसांत करार असतात, त्याला इंटरलाइन म्हणतात. त्यातल्या काही कंपन्या वेगळ्या तिकिटांवरही बॅग पुढे टॅग करून देतात. म्हणून दोन्ही कंपन्यांना आत्ताच विचारा, आणि निघताना काउंटरवर दोन्ही तिकिटं दाखवून पुन्हा विचारा. ‘तिथे गेल्यावर कळेल’ असं उत्तर आलं, तर ते ‘नाही’ समजायचं.

बॅग पट्ट्यावरून घ्यायची म्हणजे इमिग्रेशन ओलांडून ब्रिटनमध्ये शिरायचं. इथे माणसं घरातच अडकतात, विमानतळापर्यंतसुद्धा पोहोचत नाहीत. ब्रिटनचे ट्रान्झिट व्हिसा दोन. एक आतल्या आत विमान बदलणाऱ्यांसाठी, त्यावर सरहद्द ओलांडता येत नाही. दुसरा सरहद्द ओलांडून ४८ तासांच्या आत पुढे जाणाऱ्यांसाठी. पासपोर्टला व्हिसा लागत असेल, तर बॅगवाल्या प्रवाशाला हा दुसरा हवा. काही देशांचे व्हिसा हातात असले तर सवलत मिळते, पण शेवटचा शब्द सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याचा. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर आपलं नागरिकत्व टाकून तपासता येतं. ते आजच करा, बाकीचं नंतर.

आता घड्याळ. ३.३० चं विमान ३.३० पर्यंत तुमची बॅग घेत नाही. लांबच्या विमानांचे काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतात, म्हणजे २.३०. तुमचे तीन तास दहा मिनिटांचे इथेच दोन तास दहा मिनिटं झाले. १२.२० ही विमान जागेवर उभं राहण्याची वेळ. दार उघडून, रांगेतून बाहेर पडून, लांबलचक मार्गिका चालून इमिग्रेशनला पोहोचेपर्यंत एक वाजला धरा. तिथली रांग कधी वीस मिनिटांची, कधी तासाची. मधला मार्ग म्हणून चाळीस मिनिटं धरू. मग पट्टा, ट्रॉली, कस्टम्स : दोन वाजून गेले. टर्मिनल ४ वरून ५ ला थेट गाडी नाही. टर्मिनल २ आणि ३ च्या स्टेशनवर उतरून गाडी बदलावी लागते. विमानतळाच्या आतला हा रेल्वेप्रवास फुकट आहे, पण लिफ्ट, फलाट, वाट बघणं आणि दोन जड सुटकेसी धरून अर्धा-पाऊण तास हाताशी हवा. पहिलं विमान अगदी वेळेवर आलं तरी तुम्ही काउंटरपाशी याल तेव्हा २.४० झालेले असतील.

एक मुलगा अजून आठवतो. शिकायला निघाला होता, दोन तिकिटं, दोन टर्मिनलं. उतरल्यावर त्यानं ‘ट्रान्सफर’ची पाटी धरली, कारण त्याला विमान बदलायचं होतं ना! आतल्या डेस्कवर चाळीस मिनिटं रांगेत उभा राहिला. तिथे कळलं की बॅग बाहेर पट्ट्यावर एकटीच फिरतेय. धावत परत, इमिग्रेशन, बॅग, टर्मिनल. माझ्यापाशी आला तेव्हा काउंटर बंद होऊन चार मिनिटं झाली होती, आणि त्याला ‘नाही’ मीच म्हटलं. एकदा फ्लाइट बंद झाली की आमच्याकडची कळ तरी कुठे दबते! तुम्ही हीथ्रोला जांभळ्या रंगाच्या ‘फ्लाइट कनेक्शन्स’च्या पाट्यांकडे बघूच नका. बॅग घ्यायची असेल तर ‘अरायव्हल्स’.

विमान चुकलं तर? पहिली कंपनी म्हणेल, आम्ही तुम्हाला लंडनला आणलं. दुसरी म्हणेल, तुम्ही आलाच नाहीत. दोघी आपापल्या जागी बरोबर. दुसऱ्या तिकिटात परतीचं विमानही असेल, तर पहिल्या टप्प्याला न आल्यामुळे बहुतेक कंपन्या तेही रद्द करतात. वाचवलेले पैसे नवीन तिकिटात कितीतरी पटींनी जातात.

माझं म्हणणं विचाराल तर दुसरं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं करून घ्या आणि रात्री विमानतळाजवळ झोपा. व्हिसाच्या ४८ तासांत ते बसतं. तारीख बदलण्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. आणि व्हीलचेअर घेणार असाल तर दोन्ही कंपन्यांना वेगवेगळी सांगा. पहिल्या विमानाच्या नावानं आलेला माणूस सहसा आगमन कक्षाच्या बाहेर सोडून परत जातो. पुढची खुर्ची दुसऱ्या कंपनीच्या नोंदीवर मिळते.

प्रश्न : मी फक्त पाठीवरची सॅक घेऊन जाते. वेगळी तिकिटं, वेगळी टर्मिनलं. मलाही बाहेर पडावं लागेल का?

उत्तर : बरेचदा नाही. तुम्ही त्या मुलासारख्या ‘ट्रान्सफर’ची पाटी धरलीत तरी तुमचं बरोबरच. मात्र दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास फोनवर आधीच हवा. काही कंपन्या कागदपत्रं प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तो देत नाहीत, तेव्हा ट्रान्सफर डेस्क तिथे त्यांचं काम करतो का ते विचारून ठेवा. हीथ्रोला टर्मिनलांच्या मधून आतल्या बाजूनं फुकट बस असते. अमेरिकेत हा हिशेब चालत नाही. तिथे उतरलं की पुढे दुसऱ्या देशात जायचं असलं तरी इमिग्रेशन होतंच, आणि त्यासाठी व्हिसा किंवा प्रवासाची परवानगी लागते. न्यूयॉर्कच्या जेएफकेला टर्मिनलं जोडणारी एअरट्रेन फुकट आहे, पण ती सुरक्षा तपासणीच्या बाहेरून फिरते.

वाटेत अत्तराची मोठी बाटली घेणार असाल, तर दुकानातली सीलबंद पिशवी फोडू नका. टर्मिनल बदलताना सुरक्षा तपासणी बहुतेक ठिकाणी पुन्हा होते आणि हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नको हा नियम अजून बऱ्याच विमानतळांवर पुन्हा विचारला जातो. सुटकेसवाल्यांची यात एक सोय आहे : पट्ट्यावरून बॅग हातात आली की बाटली तिच्यातच टाकायची.